सिंधुदुर्ग जिल्ह्याचा अभ्यास कसा करावा : किनारा ते घाटमाथा, एका आडव्या पट्टीतून

एखाद्या जिल्ह्याची माहिती लिहायला घेतली की बहुतेक जण तीन प्रकरणे पाडतात. पहिल्यात नद्या, डोंगर आणि पाऊस येतो, दुसऱ्यात राजघराणी आणि किल्ले येतात, तिसऱ्यात पिके, मासेमारी आणि पर्यटन. शाळेच्या प्रकल्पापासून गावाच्या स्मरणिकेपर्यंत हीच मांडणी आढळते, आणि सिंधुदुर्गाच्या बाबतीत ती फारच तोकडी पडते. कारण वेंगुर्ल्याचे बंदर कशामुळे वाढले याचे उत्तर आंबोलीच्या घाटात सापडते, आणि देवगडच्या कातळावर हापूसच्या बागा इतक्या झपाट्याने कशा पसरल्या याचे उत्तर बऱ्याच अंशी १९९० सालच्या एका सरकारी योजनेत. म्हणून येथे वेगळी रीत सुचवली आहे. समुद्रापासून सह्याद्रीच्या माथ्यापर्यंत जिल्ह्याची एक आडवी पट्टी निवडावी आणि त्या पट्टीतल्या प्रत्येक टप्प्यावर जमीन, इतिहास आणि उपजीविका यांची चौकशी एकाच वेळी करावी. पदवीच्या विद्यार्थ्याला, शिक्षकाला किंवा आपल्या भागाविषयी नेटके टिपण तयार करू पाहणाऱ्या कोणालाही ही रीत झेपण्यासारखी आहे.

आधी हद्द आणि आकडे

काम सुरू करण्यापूर्वी जिल्ह्याची हद्द केव्हा कशी होती हे कागदावर मांडून ठेवावे. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याच्या उत्तरेला रत्नागिरी, पूर्वेला कोल्हापूर, दक्षिणेला गोवा आणि कर्नाटकाचा बेळगाव जिल्हा, तर पश्चिमेला अरबी समुद्र आहे. मुख्यालय ओरोस येथे, म्हणजे सिंधुदुर्गनगरीत आहे. देवगड, मालवण आणि वेंगुर्ला हे किनाऱ्यावरचे तीन तालुके. वैभववाडी, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी आणि दोडामार्ग हे आतले, मात्र कुडाळ आणि सावंतवाडी यांना खाड्यांमुळे समुद्राचा वारा लागतो. क्षेत्रफळ ५,२०७ चौरस किलोमीटर आणि किनारा सुमारे १२१ किलोमीटर.

हद्दीचा हा तपशील कोरडा वाटला तरी पुढची निम्मी गफलत तो टाळतो. १९८१ पूर्वीचा कोणताही सरकारी आकडा ‘रत्नागिरी’ या नावाखाली असतो, त्यामुळे दक्षिणेकडच्या तालुक्यांचे आकडे वेगळे काढून बेरीज केल्याशिवाय तुलना करता येत नाही. त्याहून मागे, १९४८ पूर्वी गेले की अडचण दुप्पट होते. मालवण, वेंगुर्ला आणि देवगड हा भाग ब्रिटिशांच्या रत्नागिरी जिल्ह्यात होता, तर सावंतवाडी, कुडाळ आणि बांदा हा मुलूख सावंतवाडी संस्थानात. दोन्हींची दप्तरे वेगळी, महसुलाच्या पद्धती वेगळ्या आणि जनगणनेतील पानेही वेगळी. १८८० साली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या दहाव्या खंडात रत्नागिरी आणि सावंतवाडी एकत्र बांधलेले असले तरी त्यांची वर्णने स्वतंत्र आहेत, हे ध्यानात ठेवून तो खंड उघडावा. तालुक्यांच्या बाबतीतही अशीच दक्षता हवी. दोडामार्ग हा तालुका सावंतवाडीतून बराच नंतर निघाला, त्यामुळे जुन्या तक्त्यात सावंतवाडीचा आकडा मोठा आणि नव्या तक्त्यात लहान दिसतो, आणि घाईत वाचणारा त्याला लोकसंख्येची घट समजून बसतो.

खरी घट मात्र आहे, आणि ती सगळ्या अभ्यासाची किल्ली ठरू शकते. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती, २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. दहा वर्षांत एकोणीस हजारांहून अधिक माणसे कमी झाली, तीही संपूर्ण राज्याची लोकसंख्या वाढत असताना. २०११ मध्ये घनता दर चौरस किलोमीटरला १६३ माणसे, तर राज्याची ३६५. दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया होत्या, आणि राज्यात ९२९. हे तीन आकडे शेजारी ठेवले की कमावता पुरुष गावाबाहेर आहे हे प्रवास न करताही कळते. मात्र आणखी एक आकडा मागे जाऊन पाहावा: २००१ मध्ये स्त्रियांचे हेच प्रमाण १,०७९ होते. ते दहा वर्षांत खाली आले याचा अर्थ पुरुष परतू लागले असा घ्यायचा की आता स्त्रियांसह अख्खे कुटुंबच शहरात जाऊ लागले असा, हे केवळ जनगणनेवरून ठरत नाही. लोकसंख्याही घटली असल्यामुळे दुसरी शक्यता मला अधिक सबळ वाटते. तिची पडताळणी गावात बंद घरे मोजून करता येते, आणि जनगणनेच्या घरयादीतील रिकाम्या घरांचा रकानाही त्या कामी येतो.

पट्टी कशी निवडावी

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे घ्यावेत आणि त्यावर एखाद्या खाडीच्या मुखापासून नदीच्या उगमापर्यंत पेन्सिलीने रेघ ओढावी. सरळ रेषेपेक्षा नदीचा मार्ग धरणे श्रेयस्कर, कारण कोकणात वस्ती, शेती आणि जुनी वाहतूक या तिन्ही गोष्टी नदीला धरून आहेत. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर वाघोटन नदी विजयदुर्गच्या खाडीत उतरते, मध्यभागी गड आणि कर्ली या नद्या मालवण तालुक्याच्या किनाऱ्याला मिळतात, आणि दक्षिणेला तेरेखोल नदी शेवटच्या टप्प्यात गोव्याची सीमा होते. नवख्या अभ्यासकाने कर्लीची पट्टी घ्यावी असे मी सुचवीन: देवबाग-तारकर्लीच्या वाळूच्या जिभेपासून सुरू होऊन ती कुडाळपर्यंत येते, तिथे भंगसाळ या नावाने ओळखली जाते आणि पुढे मनोहर-मनसंतोष गडांच्या डोंगरांकडे वर चढते. एका पट्टीत मासेमारी, पर्यटन, भातशेती, बाजारपेठ, रेल्वे आणि जंगल असे सगळे भेटते.

पट्टी ठरली की तिचे टप्पे पाडावेत. कोकणात किनाऱ्यालगतच्या सखल भागाला खलाटी आणि आतल्या उंच भागाला वलाटी म्हणण्याचा जुना प्रघात आहे. तो आजही उपयोगी आहे, पण टिपणात त्याहून बारीक विभागणी हवी. वाळूची पुळण, तिच्यामागची माडांची आगरे, खाडीकाठची खारजमीन आणि तिवरे, दरीतला मळा, उतारावरची भरड, वरचा सपाट सडा, आणि शेवटी घाटपायथ्याची हलकी वरकस जमीन व जंगल, असा क्रम बहुतेक पट्ट्यांत मिळतो. प्रत्येक प्रकारच्या जमिनीला स्थानिक लोक काय म्हणतात, तिथे कोणते पीक घेतात आणि ती कोणाच्या ताब्यात आहे, हे तीन प्रश्न जागोजागी विचारावेत. मळ्याच्या जमिनीत पावसाळी भातानंतर ओलाव्यावर किंवा पाटाच्या पाण्यावर वायंगण भात होऊ शकते. भरडीत एकच पीक येते आणि त्यामागून कुळीथ किंवा चवळी. सड्यावर तर पूर्वी गवताखेरीज काही नव्हते. खारजमिनीत भाताचे भवितव्य बांधावर अवलंबून असते. खारबंधारा फुटला आणि दुरुस्त झाला नाही की दोन-चार वर्षांत शेत पुन्हा तिवरांकडे जाते, म्हणून अशा बांधाची देखभाल पूर्वी कोण करत असे आणि आता कोण करते हे विचारायला विसरू नये.

भूगोलाच्या या टप्प्यावर दोन गोष्टींकडे हमखास दुर्लक्ष होते. पहिली पावसाची. जिल्ह्याच्या सरासरी पावसाचा एक आकडा देऊन भागत नाही, कारण आंबोलीला वर्षाला सुमारे सात हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि चाळीस-पन्नास किलोमीटरवरच्या किनाऱ्यावर त्याच्या निम्म्याहूनही कमी. शिवाय हा सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडून जातो आणि तीव्र उतारावरून झटकन समुद्राला मिळतो, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत याच जिल्ह्यातल्या वाड्यांना पाणी कमी पडते. महसूल मंडळनिहाय पर्जन्याच्या नोंदी मिळवून त्या पट्टीच्या छेदावर मांडाव्यात. मालवण तालुक्यातील धामापूरचा तलाव पाहिला की जुन्या लोकांनी या अडचणीवर काय उपाय केला ते दिसते; तो १५३० च्या सुमाराचा मानला जातो आणि २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा दर्जा दिला. माथ्यावर आणखी एक नवल आहे. आंबोलीला उगम पावणारी हिरण्यकेशी नदी पश्चिमेकडे न वळता पूर्वेकडे जाऊन घटप्रभेला मिळते, म्हणजे जिल्ह्यात सर्वाधिक पाऊस झेलणाऱ्या माथ्यावरचे काही पाणी कृष्णेच्या खोऱ्यात निघून जाते.

दुसरी गोष्ट खडकांची. महाराष्ट्रातला खडक म्हणजे बसाल्ट ही शालेय समजूत येथे मोडते. दख्खनचा काळा कातळ या जिल्ह्यात दक्षिणेकडे विरळ होत जातो आणि त्याखालचे कितीतरी जुने खडक वर येतात. रेडीचे लोहखनिज, कासार्डे परिसरातली सिलिका वाळू, कणकवली तालुक्यातला क्रोमाइट हे सगळे त्या जुन्या खडकांचे देणे आहे. सर्वांवर जांभ्याचा थर आहे, आणि त्याचा चिरा काढून घरे, विहिरी, कुंपणे बांधली जातात. चिरेखाणी हा स्वतंत्र व्यवसाय असल्यामुळे त्यांची नोंद भूगोलात न अडकवता अर्थव्यवहारातही घ्यावी. त्याच जांभ्याच्या सड्यांवर कातळशिल्पे कोरलेली आहेत. मालवण तालुक्यातील कुडोपीचे स्थळ कोकणातील इतर कातळशिल्पांसह २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेले. सडा म्हणजे ओसाड जमीन हा शेरा लिहिण्यापूर्वी एवढे पाहून यावे.

वाटांचा इतिहास

आता इतिहास, आणि तो राजांच्या यादीने सुरू करू नये. प्रथम विचारावे: माल कोणत्या दिशेने जात असे? आगगाडी आणि महामार्ग येण्यापूर्वी या भागाची वाहतूक पूर्व-पश्चिम होती. घाटमाथ्यावरचा माल बैलांच्या पाठीवरून घाट उतरे, बंदरात गलबतांवर चढे, आणि मीठ, नारळ, सुके मासे परतीच्या वाटेने वर जात. म्हणून प्रत्येक जुन्या बंदराला त्याचा घाट जोडून पाहावा. विजयदुर्ग आणि वाघोटन यांच्यामागे गगनबावड्याची दिशा आहे, मधल्या भागामागे फोंडाघाट आणि राधानगरीवरून कोल्हापूर, तर वेंगुर्ल्यामागे आधी रामघाट आणि मग पारपोलीचा, म्हणजे आजचा आंबोली घाट.

वेंगुर्ल्याचे उदाहरण तपशीलवार अभ्यासावे, कारण एकाच गावात चढ-उतार दोन्ही वाचता येतात. सतराव्या शतकात डचांनी तिथे वखार घातली. तिची पडकी वास्तू अजून उभी आहे. गोव्यातील पोर्तुगिजांवर नजर ठेवायला आणि घाटमाथ्याशी व्यापार करायला ती जागा सोयीची होती. १८१२ मध्ये सावंतवाडीकरांनी वेंगुर्ला आणि कोल्हापूरकरांनी मालवण इंग्रजांना दिले, आणि पुढे बेळगावच्या लष्करी छावणीला लागणारे सामान वेंगुर्ल्याला उतरून घाटाने वर जाऊ लागले. बंदराचा हा बहर पुष्कळसा त्या सडकेवर होता. १८८८ पर्यंत गोव्यातील मुरगाव बंदर लोहमार्गाने घाटमाथ्याशी जोडले गेले, आणि घाटाखाली रेल्वे नसलेल्या वेंगुर्ल्याचा दूरचा व्यापार तिकडे सरकला. बंदर गाळाने भरले, लोक आळशी झाले, अशी कारणे ऐकू येतात. पण रेल्वेचे साल शेजारी मांडल्याशिवाय त्यांपैकी कोणतेही पदरात घेऊ नये.

विसाव्या शतकात वाहतुकीची दिशाच फिरली. मुंबई-गोवा महामार्ग आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्गावर सुरू झालेली कोकण रेल्वे या दोन्ही वाटा उत्तर-दक्षिण धावतात आणि त्या किनाऱ्यापासून आत आहेत. परिणामी कणकवली आणि कुडाळ या आतल्या गावांच्या बाजारपेठा फुगल्या, तर मालवण, वेंगुर्ला आणि देवगड यांना गाडी पकडायला आत यावे लागते. जिल्ह्याचे मुख्यालय एखाद्या ऐतिहासिक शहरात न ठेवता महामार्गालगतच्या ओरोसला नेले गेले, हेही त्याच दिशाबदलाशी सुसंगत आहे. परुळे-चिपीच्या विमानतळाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ रोजी झाले. त्याचा परिणाम अभ्यासताना विमानांच्या संख्येपेक्षा आसपासच्या जमिनींचे खरेदीखत व्यवहार पाहणे अधिक बोधप्रद ठरेल.

किल्ल्यांकडे वळताना बांधणीची तारीख आणि पराक्रमाचा प्रसंग एवढ्यावर थांबू नये. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाची पायाभरणी नोव्हेंबर १६६४ मध्ये केली आणि तीन वर्षांत, १६६७ पर्यंत, किल्ला उभा राहिला. तेच बेट का, या प्रश्नाला भूगोलाचे उत्तर आहे: भोवतालचे बुडालेले खडक अनोळखी जहाजाला जवळ येऊ देत नाहीत, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. आज त्याच खडकांच्या भोवती प्रवाळ आहे, १९८७ मध्ये तिथे सागरी अभयारण्य जाहीर झाले, आणि आता त्या पाण्यात पर्यटकांना डुबकी मारायला नेणे हा तरुणांचा रोजगार झाला आहे. विजयदुर्गाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसनच्या आरमाराने आणि क्लाइव्हच्या फौजेने तुळाजी आंग्रे यांच्याकडून तो घेतला, पण त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूला होते आणि त्याच वर्षी बाणकोटच्या बदल्यात किल्ला पेशव्यांकडे आला. स्मरणिकांतून बहुधा याचा पहिला अर्धाच छापला जातो. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याचे जे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले त्यांत हे दोन्ही आहेत.

स्थानिक दंतकथा टिपाव्यात, पण तपासून. विजयदुर्गावरून हेलियमचा शोध लागला असे जिल्ह्यात सर्रास सांगितले जाते. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण खरे आहे. परंतु ज्या निरीक्षणांशी हेलियमचे नाव जोडले जाते त्यांपैकी फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जानसेन गुंटूरला होता, आणि इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरने त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून, ग्रहणाविना, सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. मग ज्यांवरून ग्रहण पाहिले असे सांगतात ते किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’ काय आहेत, असा पुढचा प्रश्न विचारावा आणि उत्तर मिळेपर्यंत टिपणात ‘स्थानिक समजूत’ एवढेच लिहावे.

किल्ल्यांपेक्षाही मोलाचे साधन तलाठ्याकडे असते. गावाचे जुने फेरफार आणि सातबारा उतारे वाचायला शिकावे. रत्नागिरी जिल्ह्यात असलेल्या भागात खोती, म्हणजे खोताने गावचा सारा गोळा करून सरकारात भरण्याची पद्धत, होती आणि ती १९४९ च्या कायद्याने गेली; संस्थानी मुलखात जमिनीचे हक्क निराळ्या रीतीने बसले होते, आणि आंबोली, चौकुळ आणि गेळे या गावांतल्या कबुलायतदार गावकर जमिनींचा प्रश्न संस्थान जाऊन सत्तर वर्षे उलटल्यावरही मंत्रालयापर्यंत घुमत राहिला. सातबाऱ्यावर एका लहान तुकड्याला वीस-पंचवीस सामायिक नावे दिसली, त्यांतली अर्धी मुंबईची असली, तर ती जमीन पडीक का आहे हे कोणी सांगण्याची गरज उरत नाही: एकाला ती कसायची असली तरी कर्ज काढायला सगळ्यांच्या सह्या लागतात.

उपजीविका : घराच्या हिशेबातून

जिल्ह्याची अर्थव्यवस्था समजून घेण्यासाठी सांख्यिकी कार्यालयाचे दरवर्षीचे सामाजिक व आर्थिक समालोचन, अग्रणी बँकेची पतयोजना आणि मत्स्यव्यवसाय विभागाचे आकडे अवश्य घ्यावेत. पण सुरुवात घरापासून करावी. पट्टीतल्या प्रत्येक टप्प्यावर चार-पाच घरे निवडून त्यांच्या वर्षाच्या मिळकतीचा महिनावार तक्ता मांडावा. कोकणातले घर सहसा एका धंद्यावर चालत नाही. त्यात थोडे भात, दहा-वीस कलमे, काजूची भरड, मुंबईहून येणारे पैसे आणि कोणाची तरी एखादी नोकरी असे पाच-सहा धागे असतात, आणि ‘शेतकरी’ किंवा ‘मच्छीमार’ अशी एकच खूण केली की बाकीचे पुसले जातात. उत्पन्न विचारताना मापांबाबत सावध राहावे. वयस्क माणसे भात अजून खंडीत आणि कुडवात सांगतात आणि ही मापे गावागणिक बदलतात, तेव्हा शक्य तिथे घरातले माप आणवून वजन करून घ्यावे.

हापूसवर थोडे रेंगाळावे, कारण तिन्ही धागे इथे एकत्र येतात. देवगडच्या जांभ्याच्या कातळाला फार थोडी माती आहे. सुरुंग लावून खड्डे घ्यायचे, बाहेरून माती आणून भरायची आणि कलम लावायचे, हा खर्च पूर्वी थोड्यांनाच परवडत होता. १९९० मध्ये राज्याने रोजगार हमीशी जोडून फळबागांना शंभर टक्के अनुदान दिले आणि कोकणात आंबा-काजूचे क्षेत्र पाहता पाहता वाढले. त्यामागे संशोधनाचे पाठबळही होते: वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ आणि पुढे ‘सिंधु’ ही जात दिली, काजूच्या ‘वेंगुर्ला-४’, ‘वेंगुर्ला-७’ या जाती तर बागायतदारांच्या तोंडी आहेत. २०१८ मध्ये हापूसला कोकणातील पाच जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. एवढे लिहून झाले की बागेत जाऊन पुढचे प्रश्न विचारावेत. बाग मालक स्वतः करतो की कराराने देतो? मोहोरावर फवारण्या किती? राखणीला माणसे कुठली? अनेक बागांत नेपाळी कामगार राहतात, आणि ज्या गावातून तरुण बाहेर गेले त्याच गावात बाहेरचे मजूर का आले याचे उत्तर मजुरीच्या दरापेक्षा खोल आहे. पेटी वाशीच्या बाजारात जाते की थेट गिऱ्हाइकाला, आणि पहिल्या पेटीपासून शेवटच्या पेटीपर्यंत भाव कसा उतरतो, हे एका बागायतदाराच्या वहीतून उतरवून घेतले तर दहा तक्त्यांचे काम होते.

काजूचा अभ्यास सीमेवर करावा. झाड तेच, फळ तेच. पण तेरेखोलच्या पलीकडे बोंडूपासून फेणी गाळतात, तिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले, आणि नदीच्या या बाजूला बहुतेक बोंडू झाडाखाली कुजून जातो. येथे फरक मातीचा नसून अबकारी कायद्याचा आणि त्यामागच्या इतिहासाचा आहे. बीच्या भावाकडे पाहताना आफ्रिकेतून आयात होणारी काजू बी विसरू नये. स्थानिक कारखानदाराला ती स्वस्त पडली की इथल्या बागायतदाराचा भाव पडतो. कोकमाचे, म्हणजे रातांब्याचे, गणित लहान आहे पण ते बरेचसे बायकांच्या हाती आहे, म्हणून ते त्यांनाच विचारावे.

मासेमारीचा टप्पा पहाटे बंदरावर उभे राहून अभ्यासावा लागतो. रापण ही सामूहिक पद्धत अजून काही किनाऱ्यांवर आहे: होडीतून जाळे अर्धवर्तुळात सोडायचे आणि दोन्ही टोके किनाऱ्यावरून माणसांनी ओढायची. मिळालेल्या मासळीचे वाटे कसे पडतात, जाळ्याचा वाटा किती आणि माणसाचा किती, हे टिपले की गाबीत समाजाची जुनी अर्थरचना समजते. तिच्याशी आजच्या पर्ससीन जाळ्यांचा, प्रखर दिव्यांच्या मासेमारीचा आणि परराज्यांतून येणाऱ्या वेगवान ट्रॉलरचा संघर्ष जोडून पाहावा. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत राज्याचा १९८१ चा सागरी मासेमारी कायदा लागतो, पुढे केंद्राची हद्द सुरू होते. भांडणे पुष्कळदा या रेषेच्या अलीकडे घडतात. जून-जुलैच्या बंदीच्या काळात घर कशावर चालते हा प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि बांगडा-तारलीच्या लिलावानंतर टोपली उचलणाऱ्या बाईला दिवसाअखेर काय सुटते हेही.

खाणकामाबद्दल थोडक्यात लिहिले तरी चालेल. रेडीचे लोहखनिज जवळच्या बंदरातून बाहेर जाते आणि रोजगार एका कोपऱ्यात एकवटतो. आतल्या गावांत खाणींना झालेला विरोध मात्र पाण्याच्या झऱ्यांशी आणि काजूबागांशी जोडूनच समजतो.

उरतो तो मुंबईचा पैसा. गिरणगावात या भागातले असंख्य पुरुष होते, आणि जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपानंतर त्यांतले कित्येक हात हलवत परतले. त्या पिढीतील माणसे अजून भेटतात. त्यांच्याकडून मनीऑर्डरचे दिवस ऐकून घ्यावेत, आणि बँकांतील ठेवी व स्थानिक कर्जे यांचे प्रमाण काढून त्याची आजची बाजू पाहावी, म्हणजे बाहेरून आलेला पैसा जिल्ह्यात राबतो की नुसता साठतो ते कळेल. दोडामार्ग आणि सावंतवाडीकडे मुंबईची जागा पुष्कळ अंशी गोव्याने घेतली आहे. तिथे कामाला रोज जाऊन-येऊन करणारे तरुण सकाळी बसथांब्यावर मोजता येतात. पर्यटनाबद्दल लिहिताना १९९७ मध्ये हा देशातला पहिला पर्यटन जिल्हा जाहीर झाला एवढे सांगून पुढे जावे आणि तारकर्लीतल्या एखाद्या घरगुती निवासाची वर्षभरातली भरलेली व रिकामी खोली-रात्र मोजावी.

भेटी केव्हा, आणि मसुदा कसा

एका भेटीत हा जिल्हा कळत नाही. जुलैत लावणी चालू असताना आणि होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असताना एकदा यावे, एप्रिलअखेरीस आंब्याच्या पेट्या भरत असताना दुसऱ्यांदा. गणेशचतुर्थीचे दिवस लोकसंख्येचे मोजमाप करण्यासाठी निरुपयोगी, पण मुलाखतींसाठी अमोल आहेत, कारण एरवी बंद असलेल्या घरांची कुलपे तेव्हा निघतात आणि सातबाऱ्यावरची नावे माणसांच्या रूपात ओसरीवर बसलेली सापडतात. भात घरात आल्यावर, तुळशीच्या लग्नानंतर, जत्रा आणि दशावतार सुरू होतात. त्या काळात लोकांना बोलायला सवड असते. जमिनीच्या वादाविषयी पहिल्याच भेटीत विचारू नये, आणि गावऱ्हाटी, म्हणजे गावचा परंपरेने चालत आलेला कारभार, व देवस्थानाचे मानपान यांविषयी एकाच घराण्याचे म्हणणे ऐकून लिहू नये.

मसुदा लिहिताना प्रकरणे टप्प्यांनुसार पाडावीत: पुळण, खाडी, मळा, सडा, महामार्गाची पट्टी, घाटपायथा, माथा. प्रत्येक प्रकरणात त्या जागेचा खडक, तिच्यावरून गेलेली वाट आणि तिच्यावर जगणारे घर एकत्र यावे. आकड्यापुढे त्याचे साल आणि त्या सालची हद्द कंसात लिहावी. शेवटी तो मसुदा पट्टीतल्या किमान दोन टोकांच्या वाचकांना, म्हणजे एक बंदरावरचा आणि एक घाटाखालचा, अशांना दाखवावा. दोघेही जिथे एकाच वाक्यावर बोट ठेवतील ते वाक्य पुन्हा दप्तरात जाऊन तपासावे.